जुन्या कॅसेट प्लेअरचा बेल्ट निवडताना

उस्ताद अमीर खाँसाहेबांची विलंबित बंदिश लावली आणि सूर डळमळायला लागला, तर बहुतेक वेळा बेल्ट, म्हणजे मोटरची गती चाकांपर्यंत नेणारा रबरी पट्टा, सैल पडलेला असतो. इंदूरला जेल रोडवर बेल्ट मागायला जाताना नुसतं मॉडेलचं नाव सांगून भागत नाही. माप सोबत हवं.

जुना बेल्ट शाबूत असेल तर तो न ताणता चपटा धरा, लांबी मोजा आणि दुप्पट करा. समजा ११ सेंमी भरली, तर आतला घेर झाला २२ सेंमी. पण तो बेल्ट वर्षानुवर्षं ताणलेला आहे, म्हणून नवा साधारण ५ टक्के लहान, म्हणजे २१ सेंमीच्या आसपासचा घ्यायचा. दुकानदार व्यास विचारतो, तेव्हा घेराला ३.१४ ने भागा: सुमारे ६.७ सेंमी. फार घट्ट बेल्ट मुळीच बसवू नका, मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो. चौकोनी छेदाचा होता की चपटा, हेही नीट पाहा. चपट्याच्या जागी चौकोनी चालत नाही.

बेल्ट वितळून डांबरासारखा झाला असेल, तर पुलींभोवती, म्हणजे बेल्ट ज्यांवर फिरतो त्या खाचेच्या चाकांभोवती, दोरा फिरवून घेर मोजा आणि तितकाच टक्का कमी करा. त्याआधी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं पुलीच्या खाचेतला काळा चिकटा पूर्ण काढा, नाहीतर नवा बेल्टही घसरेल. हा चिकटा कपड्यांवरून सहजी निघत नाही, तेव्हा खाली जुना कागद अंथरा.