तिसरा कॉलम खाली का पडतो? कॉलम मांडताना या चुका टाळा

"सर, तिसरा कॉलम खाली पडतोय." सीएसएस (वेबपानाची मांडणी आणि रंगरूप ठरवणारी भाषा) शिकवायला लागल्यापासून हे वाक्य किती वेळा ऐकलं, त्याला गणती नाही. जाऊन बघावं तर रुंदीच्या ३३.३३ टक्क्यांचे ३२ झालेले असतात, मग ३१.५, मग ३०. कॉलम वर चढला की पोरगं खूश. उद्या कुणी पॅडिंग (मजकूर आणि डब्याची कड यांमधली मोकळी जागा) वाढवलं की पुन्हा धपकन खाली.

अरे, आधी बेरीज तरी करा! ९६० पिक्सेलचा डबा, त्यात ६४० आणि ३२० चे दोन कॉलम. कागदावर हिशोब चोख. मग दोघांनाही चारी बाजूंनी २० चं पॅडिंग आणि १ ची बॉर्डर दिलीत. 'विड्थ' म्हणजे फक्त आतल्या मजकुराची रुंदी, पॅडिंग-बॉर्डर वरून चढते. झाले ६८२ आणि ३६२, म्हणजे १०४४. मावणार कुठे? माझ्या प्रत्येक फाइलची पहिली ओळ ठरलेली आहे: सगळ्या एलिमेंटना (पानातल्या डब्यांना) 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स', म्हणजे पॅडिंग-बॉर्डर विड्थच्या आतच मोजली जाते. मार्जिन, म्हणजे बॉर्डरबाहेरची जागा, त्यातही धरलं जात नाही, म्हणून कॉलममधली फट मी 'गॅप'नेच देतो. आणि गॅप दिलात की टक्के सोडा, ग्रिडचे (आडव्या-उभ्या जाळीवरच्या मांडणीचे) 'एफआर', म्हणजे उरलेल्या जागेचे वाटे, घ्या. उरलेली जागा ब्राउझर वाटेल, तुम्ही कशाला भागाकार करत बसता?

इनलाइन-ब्लॉकने (डबे शब्दांसारखे एका ओळीत ठेवून) कॉलम करणाऱ्यांसाठी एकच: कोडमधल्या दोन डिव्हमधला (डब्यांमधला) एंटरसुद्धा स्पेस म्हणून जागा खातो.

दुसरी चूक मी स्वतः केली आहे, तीही काम सोपवून पैसे घेतल्यावर. एका वाचनालयाची साइट होती. डावीकडे मजकूर '१एफआर', उजवीकडे वेळा आणि फोन नंबरची ३०० पिक्सेलची पट्टी. नमुन्याच्या मजकुरावर सगळं देखणं दिसत होतं. व्याख्यानाची बातमी टाकली त्या संध्याकाळी फोन आला, "अहो, उजवीकडची पट्टी कुठे गेली?" बघतो तर पट्टी स्क्रीनच्या बाहेर, आडवं स्क्रोल केलं तरच दिसायची. घाईत मी बाहेरच्या डब्याला 'ओव्हरफ्लो-एक्स: हिडन' (आडवं बाहेर जाईल ते लपव) ठोकून दिलं. स्क्रोल गेला, आणि पट्टीही गेली, आता तर शोधूनही सापडेना. वर चिकटून राहणारा 'स्टिकी' मेनूही सुटला, कारण तो आता त्या डब्याला धरून बसला होता.

रात्री अकराला कळलं. बातमीत कुणीतरी नोंदणीची लिंक पेस्ट केली होती, शंभरेक अक्षरं, मध्ये कुठे तुटायला जागा नाही. आणि '१एफआर'चा कॉलम आतल्या सर्वांत लांब न तुटणाऱ्या शब्दापेक्षा आपणहून अरुंद होत नाही. फ्लेक्सच्या (डबे एका रांगेत मांडण्याच्या पद्धतीच्या) पोटातल्या एलिमेंटचीही हीच खोड. उपाय: ग्रिडमध्ये 'मिनमॅक्स(०, १एफआर)', फ्लेक्समध्ये 'मिन-विड्थ: ०', म्हणजे किमान रुंदी शून्य, आणि लिंक तुटावी म्हणून 'ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर'. तेव्हापासून प्रत्येक कॉलममध्ये आधी एक भयंकर लांब लिंक टाकून बघतो, आणि पानभर लाल 'आउटलाइन' लावतो. बॉर्डर नाही, आउटलाइनच. ती जागा खात नाही, त्यामुळे तपासताना मांडणी हलत नाही. आडवा स्क्रोल दिसल्याबरोबर 'हिडन' मारणाऱ्यांवर माझा राग आहे तो यामुळे. गळकं छप्पर रंगवून कोरडं होतं का?

'१००व्हीडब्ल्यू', म्हणजे ब्राउझरच्या खिडकीची पूर्ण रुंदी, उगाच देऊ नका. त्यात उभ्या स्क्रोलबारची जागाही धरली जाते. मॅकवर बार बहुधा तरंगता असतो म्हणून कळत नाही, क्लायंटच्या विंडोज लॅपटॉपवर मात्र पान आडवं हलतं.

कॉलमला ठरावीक उंची देऊ नका. मराठी मथळा दोन ओळींवर गेला की खालच्या मजकुरावर चढतो, आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) कमी असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

फ्लोटने कॉलम करू नका, तो आता चित्राभोवती मजकूर वळवण्यापुरता ठेवा. मार्च २०१७ पासून क्रोम, फायरफॉक्स, सफारी तिघांतही ग्रिड आहे. अजून 'क्लिअरफिक्स' (फ्लोटमुळे कोसळलेला डबा सावरायचा जुना तोडगा) कॉपी करणाऱ्यांना मी काही बोलत नाही.

'कॉलम-काउंट' वर्तमानपत्रासारख्या वाहत्या मजकुरासाठी आहे. त्यात कार्ड भरली तर एखादं मधोमध कापलं जातं, तेव्हा कार्डाला 'ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड' द्या.

मोबाइलवर तिन्ही कॉलम मुंगीएवढे दिसत असतील तर मीडिया क्वेरी (स्क्रीनच्या रुंदीनुसार मांडणी बदलणारे नियम) तपासण्याआधी पानाच्या हेडमध्ये व्ह्यूपोर्टचा मेटा टॅग (पान मोबाइलच्या रुंदीत मांडायला सांगणारी ओळ) आहे का ते बघा. दहातल्या आठ वेळा तोच विसरलेला असतो, आणि पोरं तासभर क्वेरीतले आकडे बदलत बसलेली असतात.