केदारतालला जाताय? मग या चुका टाळा

केदारतालचे फोटो पाहून दरवर्षी मंडळी निघतात. हिरवट निळं पाणी, मागे थलय सागरचा ६,९०४ मीटरचा सुळका, शेजारी भृगुपंथ शिखर. गंगोत्रीपासून तलाव १७-१८ किलोमीटरवर आहे असं सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं, 'हॅ, एवढं तर कात्रज-सिंहगडला एका रात्रीत होतं.' घोळ तिथूनच सुरू होतो. कळसूबाई १,६४६ मीटर. गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर, म्हणजे तिथल्या धर्मशाळेत गादीवर लोळत असतानाच तुम्ही कळसूबाईच्या जवळपास दुप्पट उंचीवर असता. तलाव त्याहून दीडेक हजार मीटर वर, ४,७५०च्या आसपास. तिथल्या एका श्वासात आपल्या किनाऱ्यावरच्या श्वासाच्या जेमतेम ५५ ते ६० टक्के प्राणवायू मिळतो. या हिशोबात तुमच्या मांड्यांना काडीची किंमत नाही.

रजेच्या हिशोबावर चढाई

ही माझ्या डोक्यात जाणारी सगळ्यात मोठी चूक, आणि ती डोंगरात होत नाही. घरी कॅलेंडर समोर ठेवून होते. डेहराडूनहून एका दिवसात गंगोत्री, दुसऱ्या दिवशी भोजखरक, तिसऱ्या दिवशी केदारखरक (हे वाटेतले दोन मुक्काम), चौथ्या दिवशी तलाव, सोमवारी ऑफिस. कागदावर झकास दिसतं.

पथ्य असं की ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंचावर नको. ही वाट पहिल्याच दिवशी ते मोडते. भोजखरक सुमारे ३,८०० मीटरवर आहे आणि त्याच्या अलीकडे वाटेत बरी सपाट जागा मिळत नाही. मोडणारच असेल तर त्याची भरपाई आधी करून ठेवायची. मी एक रात्र गंगोत्रीच्या अलीकडच्या हर्सिल गावात काढतो आणि दोन रात्री गंगोत्रीत. मधल्या दिवशी केदारतालच्याच वाटेनं जंगलातून दीड-दोन तास वर चढायचं, तिथं अर्धा तास बसायचं, खाली येऊन झोपायचं. त्या दिवशी हमखास कुणीतरी कुरकुरतं, 'गंगोत्रीत बसून करायचं काय?' सूर्यकुंड बघा, आरतीला जा, गरम पाणी प्या. ज्याला एक दिवस रिकामा बसवत नाही, त्यानं हिमालयात येऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आमच्याबरोबर एकदा ठाण्याचा एक पोरगा होता. मॅरेथॉन पळणारा, अंगावर चरबी नावाला नाही. भोजखरकला सगळ्यांच्या दोन तास आधी पोचला आणि आम्ही येईपर्यंत दगडावर बसून टिंगल करत होता. रात्री डाळभात पुढ्यात आला तर म्हणाला, भूक नाही. डोकं दुखत होतं, ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. डोकेदुखीची गोळी घेऊन झोपला. दुसऱ्या दिवशी केदारखरकला पोचेपर्यंत दोनदा उलटी. मित्रांनी निदान केलं, 'पित्त झालंय.' पहाटे तलावाकडे निघायच्या वेळी तो तंबूच्या दारात बसून बुटाची नाडी बांधत होता. गाठ मारायचा, सुटायची, परत मारायचा. नंतर दोन्ही बुटांच्या नाड्या एकमेकींतच अडकवून बसला आणि तसाच बघत राहिला.

आमच्या गढवाली गाइडनं एकच केलं. त्याला उभं करून, टाचेला चवडा लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो आडवा गेला. गाइड म्हणाला, 'इनको नीचे ले जाना है, अभी.' त्यावर मित्रांचं म्हणणं काय, तर तलाव तीन-चार तासांवर आहे, त्याला तंबूत झोपू दे, आम्ही जाऊन येतो, मग सगळेच उतरू! मेंदूला सूज यायला लागल्याची ती खूण होती. अशा वेळी झोपवून ठेवलेला माणूस उठेलच याची खात्री नसते. गाइड आणि एक पोर्टर त्याला दोन्ही बाजूंनी धरून लगेच निघाले. भोजखरकच्या खाली आल्यावर त्यानं स्वतःहून चहा मागितला. संध्याकाळी गंगोत्रीत तो धड बोलत होता, फक्त सकाळचं त्याला काही आठवत नव्हतं.

तेव्हापासून माझा नियम: संध्याकाळी ज्याला जेवण जात नाही आणि डोकं दुखतं, तो दुसऱ्या दिवशी वर जात नाही. चर्चा नाही. बसल्या जागी धाप लागत असेल, कोरडा खोकला वाढत असेल, तर सकाळचीही वाट बघत नाही. खाली. पहिल्या दिवशी कुणाला गाइडच्या पुढेही जाऊ देत नाही. मला यावरून बऱ्याच शिव्या बसल्यात.

आणि हो, 'डायमॉक्स आहे की' हे उत्तर नको. ती गोळी शरीराला उंचीशी जुळवून घ्यायला मदत करते, घाई करायचा परवाना देत नाही. सल्फाची अॅलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असं नाही, म्हणून घरून निघण्यापूर्वी डॉक्टरला विचारा. तंबूतल्या मित्राला नको. ऑक्सिमीटरचंही तेच. गारठलेल्या बोटावर तो काहीही आकडा दाखवतो आणि सगळा ग्रुप त्या आकड्याभोवती कोंडाळं करून बसतो. माणसाकडे बघा. तो जेवतोय का, विनोदाला हसतोय का, सरळ चालतोय का.

नऊ वाजता निघणं

सह्याद्रीत उशीर झाला तर ऊन लागतं, बस. इथं उशीर झाला की डोंगर हलायला लागतो. भोजखरक ते केदारखरक या टप्प्यात ठिसळ, घसरत्या उताराचा पट्टा आहे. रात्रीच्या थंडीत माती-दगड गोठून एकमेकांना धरून असतात. ऊन वर आलं की ती पकड सुटते आणि वरून दगड यायला लागतात, आधी खडे, मग टीव्हीएवढे. तिथं थांबून सेल्फी काढणारे मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल छापण्यासारखं माझ्याकडे काही नाही. तो पट्टा सकाळी लवकर, एकेकानं, अंतर राखून, कान वरच्या बाजूला ठेवून पार करायचा. इअरफोन खिशात.

नाल्यांचंही गणित हेच. पाणी वितळत्या बर्फाचं, त्यामुळे पहाटे पोटरीपर्यंत असलेला ओढा दुपारी मांडीपर्यंत चढलेला असतो. सकाळी सहज ओलांडलात म्हणून परतताना तो तसाच असेल असं धरून चालू नका. दुपारी फुगलेला दिसला तर मी सरळ अलीकडे मुक्काम टाकतो. पहाटे तोच ओढा शहाणा झालेला असतो. उतरायचंच असेल तर सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक तुम्हाला पाण्याखाली धरून ठेवणार नाही. तोंड प्रवाहाकडे, काठी पुढे, पायात बूट किंवा सँडल. अनवाणी नको, त्या पाण्यात मिनिटभरात पाय बधिर होतात आणि आपण कुठे पाय ठेवतोय तेच कळत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

जीन्स आणि सुती टी-शर्ट: ओले झाले की वाळत नाहीत. घरी ठेवा.

कोरे बूट: निदान दोन-तीन किल्ले करून मग आणा.

गॉगल न नेणं: बर्फावर डोळे भाजतात, आणि ते रात्री कळतं.

डाउनलोड केलेल्या जीपीएस ट्रॅकवर आंधळा विश्वास: दरड आली की वाट बदलते, फोनला ते माहीत नसतं. स्पायडर वॉल नावाच्या अरुंद कपारीत तर फोन हातात नकोच, हात खडकावर हवेत.

परवाना: हा गंगोत्री राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, वन खात्याची परवानगी लागते. 'बघू तिथं गेल्यावर' म्हणणारे तिथूनच परत फिरतात.

तलावाकाठी झोपायचा हट्ट: केदारखरकला झोपा, पहाटे वर जा, दुपारच्या आत खाली या. चांदण्यात तलाव बघायचाय हे मला मान्य आहे, तुमच्या फुप्फुसांना मान्य नाही.

तलावात डुबकी: रील छान येते, अंगातली ऊब जाते आणि कपडे बदलायला आडोसा नसतो.

भरलांची शिकार: कॅमेऱ्यानं असली तरी, निळ्या मेंढ्यांच्या मागे उतारावर पळू नका. त्यांना चार पाय आहेत.

शेवटचं परतीच्या तिकिटाबद्दल, कारण तिथंही रजेचाच हिशोब आडवा येतो. उत्तरकाशी-गंगोत्री रस्ता दरडीमुळे कधीही बंद पडू शकतो, पावसाळ्यात तर बोलायलाच नको. गंगोत्रीला उतरलात त्याच्या दुसऱ्याच दिवशीचं विमान पकडायचं ठरवलं असेल, तर निदान बदलता येणारं तिकीट काढा.