जुनी स्पोर्ट्स गाडी गोव्याच्या पावसात कशी टिकवावी

म्हापशाच्या बाजारात गाडी उभी केली की कोणीतरी हमखास विचारतं, "ही कुठल्या देशातली?" देशातली कसली, गोव्यातलीच. सॅन स्टॉर्म: दोन दारं, दोन सीटा, फायबरची बॉडी आणि रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. ट्विंगो आणि क्लिओत असायचं तेच हे इंजिन, म्हणून फिल्टर, प्लग, बेल्ट मागवताना गाडीचं नाव सांगू नका, डी७एफ हा इंजिनचा कोड सांगा. नाव सांगितलंत तर काउंटरवरचा माणूस आधी हसतो, मग "नाही" म्हणतो.

अशा गाडीची सर्व्हिस किलोमीटरवर मोजण्यात अर्थ नाही. हौसेची गाडी वर्षाला दोन हजार किलोमीटरही धावत नाही. तिला म्हातारी करतात ती खारी हवा, लाल चिखल आणि चार महिने न सुकणारी ओल. म्हणून मी सगळा हिशेब पावसावर ठेवतो. तुमची गाडी दुसरी कुठलीही जुनी स्पोर्ट्स गाडी असली तरी बहुतेक गोष्टी तशाच लागू पडतील.

मे महिना: गाडीखाली शिरा

मृग लागायच्या आत गाडी वर घ्या. आपल्याकडे अंगणात चार चिरे पडलेले असतातच आणि ते जॅकखाली लावायचा मोह होतो. लावू नका. चिरा दिसतो भक्कम, पण एका बिंदूवर भार आला की सांगून न सवरता दुभंगतो. लोखंडी स्टँड घ्या, चिरा फक्त चाकाला अडण म्हणून वापरा.

फायबर गंजत नाही, पण त्याच्या खालची चासी लोखंडाचीच. वरून गाडी चकचकीत आणि आतून भुगा, असं याच गाड्यांत होतं, कारण वर गंजाचा फोड येऊन इशारा मिळत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं चासी ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तिथे थांबा आणि वायर ब्रशनं घासून पाहा. पाणी निघायची भोकं लाल मातीनं बुजलेली असतात, ती तारेनं मोकळी करा. गंज पूर्ण घासल्याशिवाय वर काळा रंग मारणं म्हणजे त्याला पांघरूण घालणं. पोकळ भागांत मेणाचा स्प्रे नळीनं आत मारा. वेल्डिंग लागलंच तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा आणि जवळचं फायबर ओल्या गोणपाटानं झाका. फायबरमधलं रेझिन, म्हणजे तंतू धरून ठेवणारी राळ, पेट घेतं.

त्याच आठवड्यात ब्रेक ऑइल बदला. हे तेल हवेतली ओल शोषतं. पुस्तकात दोन वर्षं लिहिलेली असतात, किनाऱ्यावर राहणाऱ्यानं दरवर्षी बदलावं. टायमिंग बेल्ट कधी बसवला याचा कागद तुमच्याकडे नसेल तर तो जुना धरा आणि टेन्शनरसकट (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीसकट) बदला. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी जुनं झालेलं रबर ओल्या रस्त्यावर साबणासारखं सरकतं.

पेट्रोलच्या रबरी नळ्यांकडे मात्र नीट लक्ष द्या. आता पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल असतं आणि जुनं रबर ते सोसत नाही. नळी वाकवून पाहा, बारीक भेगा दिसल्या किंवा बोटाला चिकट लागली तर बदला. फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन सुरू करा आणि ते आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाइनमधला दाब उतरतो. मग बॅटरी सोडवा आणि काम उघड्यावर, थंड इंजिनवर करा. नवी नळी इंजेक्शनच्या दाबाची आणि इथेनॉल चालणारी घ्या. तिच्यावर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं.

अर्थिंगची भानगड

पत्र्याच्या गाडीत सगळा पत्राच 'अर्थ' असतो, म्हणजे वीज बॅटरीकडे परत जायची वाट. फायबरमधून वीज जात नाही, त्यामुळे प्रत्येक दिव्याची अर्थ वायर चासीपर्यंत ओढलेली असते आणि तिचं टोक खाऱ्या हवेत हिरवं पडतं. डावा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवाही मंद लुकलुकतो, पेट्रोलचा काटा हेडलाइटबरोबर हलतो, ही सगळी त्याचीच सोंगं. मी एकदा दोन बल्ब, एक रिले आणि अख्खा स्विच बदलून बसलो होतो. दोष एका नटाखाली होता.

तपासणी पाच मिनिटांची आहे. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. दिवा चालू करा. काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन दिव्याच्या अर्थ वायरीच्या टोकाला लावा. ०.१ व्होल्टच्या आसपास असेल तर सोडून द्या. ०.२ च्या वर गेलं तर वीज वाटेत अडते आहे. तो नट सोडवा, वायरीचं टोक आणि चासीची जागा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून आवळा आणि वरून व्हॅसलिन चोपडा. आधी घासून, आवळून मग व्हॅसलिन; उलटं करू नका.

पावसात

गाडी चालवत नसाल तर टाकी पूर्ण भरून ठेवा, आत हवा कमी आणि ओलही कमी. हँडब्रेक ओढू नका, ब्रेक चिकटतात. गिअरमध्ये घाला आणि चाकांना अडण लावा. प्लास्टिकचं कव्हर नको, त्याखाली घाम धरतो आणि सीटवर बुरशीची पांढरी साय येते. उंदीर वायरी कुरतडतात म्हणून एअर फिल्टरच्या तोंडाला जाळी लावा, सायलेन्सरला फडकं. आणि स्टीअरिंगला चिठ्ठी बांधा. मी बांधली नव्हती. चवथीच्या आदल्या दिवशी अर्धा तास स्टार्टर फिरवला, प्लग काढले, शेवटी पुतण्या मागून म्हणाला, "काका, हे फडकं कशाला?"

दर पंधरवड्याला बॅटरी मोजा. १२.४ व्होल्टच्या खाली आली की चार्जर लावा.

फायबरचं काम होडीवाल्याकडे

बॉडीला तडा गेला तर डेंटिंगवाल्याकडे जाऊ नका. तो पुट्टी भरतो आणि सहा महिन्यांत तडा पुन्हा वर येतो. आपल्याकडे शापोरा, मालीमच्या जेटीवर फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे असतात, त्यांचा हात या कामात मुरलेला. स्वतः करणार असाल तर त्यांच्याजवळ एक दुपार बसून बघा.

पद्धत अशी. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. दोन्ही बाजूंनी ग्राइंडरनं उतार काढा. ३ मिलीमीटर जाडीला साधारण ३५ मिलीमीटर लांब उतार हवा, इतका पसरट की नवशिक्याला आपण गाडी बिघडवतोय असं वाटतं. मास्क आणि पूर्ण बाह्या घाला, ती भुकटी अंगाला लागली की रात्रभर खाज सुटते. ॲसिटोननं पुसा. मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या कापडाचे, तुकडे लहानमोठे कापा. पॉलिएस्टर रेझिनमध्ये एक ते दोन टक्के हार्डनर मिसळा, एका वेळी वाटीभरच, कारण पंधरा-वीस मिनिटांत वाटी तापून घट्ट होते. एकेक थर ब्रशनं टोचत, बुडबुडे काढत लावा. शक्य असेल तर आतूनही दोन थर द्या. जुलैत यातलं काही करू नका, ओलीत रेझिन चिकटच राहतं. नोव्हेंबर ते मार्च ही वेळ.

कागदपत्रांचं थोडक्यात: १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. अर्ज फॉर्म २५ वर, मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत. तपासणीला इंडिकेटर लुकलुकता नेऊ नका. वर सांगितलेला नट आधी पाहा.

पाऊस सरला की पहिली फेरी चोर्ला घाटात काढा. चढताना तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, उतरताना गिअर खाली ठेवून ब्रेकला आराम द्या. घरी आलात की इंजिनखाली मोठा पुठ्ठा सरकवा आणि झोपा. सकाळी तो बाहेर ओढा. स्वच्छ पाण्याचा डाग एसीचा, सोडून द्या. हिरवा किंवा गुलाबी, गोडसर वासाचा म्हणजे कूलंट. काळपट म्हणजे इंजिन ऑइल. चाकाजवळ फिकट पिवळा, बोटाला गुळगुळीत डाग दिसला तर तो ब्रेक ऑइलचा. त्या दिवशी किल्ली खिशात घालू नका, मेकॅनिकला घरी बोलवा.