मूल लहान असताना विद्यापीठाचा खर्च: तारखांसकट तयारीची यादी

मुलगी लहान असताना मी स्वतः विद्यापीठात शिकायला जायचं ठरवलं. त्या खर्चाची माझी तयारी गणिताच्या चौकडीच्या वहीत झाली. समोरासमोरची दोन पानं घेतली. डावीकडे पैसे कधी येणार ते लिहिलं, उजवीकडे कधी जाणार ते. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती. मी लिहीत असताना तिने जूनच्या रकान्यावर हिरव्या खडूची जाड रेघ ओढली, ती अजून तिथेच आहे. वर्षाचा जमाखर्च मी आधी तीनदा मांडला होता आणि तीनही वेळा तो जुळला होता. महिन्यांप्रमाणे मांडल्यावर मात्र दोन महिने असे निघाले की हातात काहीच नव्हतं. म्हणून या यादीतली पहिली गोष्ट हीच: प्रत्येक रकमेपुढे तारीख लिहा. फी किती, हे सगळेच विचारतात. मूल लहान असेल तर कधी भरायची आणि त्या दिवशी पैसे कुठून येणार, हे आधी विचारायला हवं. फीला काही दिवसांची मुदत मिळते, पाळणाघराच्या पैशाला मिळत नाही.

पैशांच्या आधी तास मोजा, कारण मुलाला सांभाळण्याचा सगळा खर्च तासांवर ठरतो. अभ्यासाचं काम क्रेडिट या मापात मोजतात. युरोपातल्या विद्यापीठांत पूर्णवेळ वर्ष 60 क्रेडिटचं धरतात आणि एका क्रेडिटमागे 25 ते 30 तासांचं काम, म्हणजे वर्षाला 1500 ते 1800 तास. भारताच्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात वर्षाला 40 क्रेडिट आणि क्रेडिटमागे 30 तास, म्हणजे 1200. यात तासिका, वाचन, प्रकल्प, परीक्षेची तयारी सगळं आलं. 1500 तास 40 आठवड्यांत बसवले तर आठवड्याला साडेसदतीस तास होतात, एका पूर्ण नोकरीइतके. वेळापत्रकात दिसतात जेमतेम पंधरा-सोळा. मी पाळणाघर त्या सोळा तासांपुरतंच धरलं होतं. उरलेला अभ्यास ती झोपल्यावर करायचं ठरवलं होतं. ती साडेनऊला झोपायची आणि बहुतेक रात्री तिच्याबरोबर मीही. पहिल्या सत्राच्या मध्यावर तास वाढवावे लागले आणि त्या वाढीव तासांचे पैसे वहीत कुठेच नव्हते. तेव्हा निदान अर्ध्या अभ्यासासाठी तरी दिवसाउजेडीचे, मूल दुसऱ्या कुणाकडे असलेले तास धरा आणि त्यांची किंमत आत्ताच लिहून टाका.

हे तास कोण देणार, ते नावानिशी लिहा. ‘आजी आहे ना’ एवढ्यावर भागत नाही. आजीला विचारा: कोणते वार, किती ते किती, गावाला जायचं असेल तर किती दिवस आधी सांगता येईल, गुडघे दुखत असतील तेव्हा काय. तिच्या येण्याजाण्याचं भाडं खर्चाच्या पानावर लिहा. ती मागणार नाही, म्हणून तर आपणच लिहायचं. घरातलं माणूस फुकट सांभाळतं असं आपण म्हणतो, पण ते आपला वेळ देत असतं. त्या वेळेचा नीट मान ठेवला तर सहा महिन्यांनी कुरबूर होत नाही.

पाळणाघर ठरवताना महिन्याचा आकडा विचारून परत येऊ नका. अनामत रक्कम किती आणि सोडताना ती परत मिळते का? सोडायचं तर किती दिवस आधी कळवायचं? मूल आजारी पडून पंधरा दिवस गेलं नाही तर पैसे कापतात की पूर्ण घेतात? न्यायला अर्धा तास उशीर झाला तर काय आकारतात? ताप उतरल्यावर किती तासांनी परत घेतात? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांची सुट्ट्यांची यादी मागून घ्या आणि विद्यापीठाच्या परीक्षेच्या वेळापत्रकाशेजारी ठेवा. पाळणाघर बंद आणि पेपर चालू असे दिवस त्यात नक्की सापडतील. त्या दिवसांसाठी माणूस आणि पैसे आत्ताच नेमून ठेवा. विद्यापीठाच्या आवारात पाळणाघर असेल तर प्रवेश पक्का व्हायची वाट न पाहता नाव नोंदवा, तिथली प्रतीक्षायादी लांब असते. तुम्ही नोकरी सांभाळून शिकत असाल तर कामाच्या ठिकाणीही चौकशी करा. भारतात 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करणं 2017 च्या कायदादुरुस्तीपासून बंधनकारक आहे.

आता फी. वर्षाच्या फीचा तपशील लेखी मागा: शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, प्रयोगशाळा, ग्रंथालयाची अनामत, प्रकल्प किंवा इंटर्नशिपचा प्रवास, पदवी प्रमाणपत्राचे पैसे. हप्ते मिळतात का आणि हप्ता चुकला तर दंड किती? दुसऱ्या वर्षी फी वाढते का? विषय राहिला तर पुन्हा बसायचे किती? मध्येच सोडावं लागलं तर कोणत्या तारखेपर्यंत किती टक्के परत मिळते, हेही विचारा. अभद्र बोलू नये म्हणून हा प्रश्न टाळू नका.

परत फेडावा न लागणारा पैसा आधी शोधा, कर्ज त्यानंतर. मूल असणं हे अनेक ठिकाणी मदतीचं कारण धरलं जातं, पण ती मदत आपण मागितल्याशिवाय मिळत नाही. इंग्लंडमध्ये पदवीच्या पूर्णवेळ विद्यार्थ्याला, घरचं उत्पन्न कमी असेल तर, नोंदणीकृत पाळणाघराच्या खर्चाच्या 85 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकतं. त्याला वरची मर्यादा आहे आणि अर्धवेळ शिकणाऱ्याला ते मिळत नाही. जर्मनीत सरकारी विद्यार्थी साहाय्य घेणाऱ्याला घरातल्या 14 वर्षांखालच्या प्रत्येक मुलामागे दरमहा वाढीव रक्कम मिळते आणि ती फेडावी लागत नाही. शिवाय मुलाच्या पाचव्या वाढदिवसापर्यंत त्याच्या वयाच्या दर वर्षामागे साहाय्याची मुदत एका सत्राने वाढवून मिळू शकते. अमेरिकेत ज्याच्यावर मूल अवलंबून आहे तो विद्यार्थी स्वतंत्र धरला जातो, त्याच्या आईवडिलांचं उत्पन्न विचारात घेत नाहीत. तिथे शिक्षणाच्या एकूण खर्चात मुलाच्या सांभाळाची रक्कम धरता येते, पण विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाकडे ती मागावी लागते. नियम देशोदेशी वेगळे, प्रश्न मात्र सगळीकडे तेच: ही मदत पूर्णवेळ विद्यार्थ्यालाच आहे का, एका सत्रात किमान किती क्रेडिट घ्यावी लागतात, एक मदत मिळाली की दुसरी कापली जाते का, आणि शिष्यवृत्ती उत्पन्नात धरतात का. अर्धवेळ शिकून खर्च वाचेल असं वाटतं, पण अर्धवेळ झाल्याने मदत गेली तर तोच मार्ग महाग पडू शकतो. दोन्ही हिशेब शेजारीशेजारी मांडून मगच अर्ज भरा.

कागदपत्रांची एक पिशवी वेगळी करा, मुलाच्या हाताला लागणार नाही अशी वर ठेवा आणि सगळ्याचे फोटो फोनमध्ये काढा. मुलाचा जन्मदाखला, उत्पन्नाचा पुरावा, जुन्या गुणपत्रिका, पाळणाघराच्या पावत्या. दाखल्यांना मुदत असते, ती वर पेन्सिलीने लिहून ठेवा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर गुणपत्रिकेवर एक नाव, बँकेत दुसरं आणि मुलाच्या दाखल्यावर आईचं तिसरंच, असं होतं. नावबदलाचा पुरावा अर्जाच्या आधी हाताशी हवा. अर्ज गेल्यावर दुरुस्तीला महिने लागतात. पैसे ज्या खात्यात येणार ते खातं तुमच्या स्वतःच्या नावावर आणि चालू असावं. भारतात दोन वर्षं व्यवहार झाला नाही की खातं निष्क्रिय होतं आणि शाळकरी वयात उघडलेल्या खात्याच्या बाबतीत हे हमखास घडतं.

मला मंजूर झालेली शिष्यवृत्ती चार महिने उशिरा जमा झाली. मंजुरीचं पत्र माझ्याकडे होतं, त्यावर शिक्का होता, रक्कम होती, तारीख नव्हती. ते पत्र दाखवून फीला मुदत मिळाली, पण पाळणाघराला पत्र देऊन काय होणार? त्या चार महिन्यांत मी दोघांकडून उसने घेतले आणि त्यातल्या एका नात्यात कायमचा अवघडलेपणा आला. म्हणून मी आता कुणालाही सांगते: मंजूर झालेला पैसा डावीकडच्या पानावर पेन्सिलीने लिहा, खात्यात आला की पेनाने. आणि प्रवेश घेण्याआधी एका सत्राचा पाळणाघराचा पूर्ण खर्च बाजूला ठेवा. तेवढे साठले नसतील तर जमल्यास प्रवेश एक सत्र पुढे ढकला. हे ऐकायला कडू आहे, मला कळतं. पण मधल्या महिन्यात सोडावं लागलं तर फीही जाते आणि जागाही.

कर्ज घ्यायचं असेल तर शैक्षणिक कर्ज बहुतेक वेळा काय भरतं ते नीट पाहा: फी, पुस्तकं, उपकरणं, कुठे कुठे राहण्याचा खर्च. मुलाच्या सांभाळाचा खर्च त्यात सहसा बसत नाही, त्यामुळे कर्ज मंजूर झालं म्हणजे सगळं भागलं असं समजू नका. फीची रक्कम बहुधा थेट विद्यापीठाला आणि सत्रासत्राने जाते. दर वेळी गुणपत्रिका आणि फीची मागणीपावती द्यावी लागते, त्या तारखाही वहीत हव्यात. बँकेला विचारायचा मुख्य प्रश्न असा: शिकत असतानाच्या काळात व्याज लागतं का, आणि ते सरळ की चक्रवाढ? हप्ता सुरू नाही म्हणजे व्याजही सुरू नाही, असं पुष्कळांना वाटतं. 10 टक्के दराने सुरुवातीलाच घेतलेल्या दर 100 मागे, दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर हप्ते सुरू होईपर्यंतचं एक वर्ष, असे तीन वर्षांनी सरळ व्याजाने 130 होतात आणि व्याजावर व्याज चढलं तर 133. मुद्दलाला हात न लावता दरमहा फक्त व्याज भरलं तर ते 100 च राहतात. ते शक्य असेल तर जरूर करा, अर्धं व्याज भरता आलं तरी भरा. मुदतीआधी फेडल्यास दंड आहे का, हेही लिहून घ्या. भारतात जुनी करप्रणाली निवडणाऱ्याला शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. कर्ज कुणाच्या नावावर घ्यायचं हे ठरवताना ते लक्षात ठेवावं. क्रेडिट कार्डावर फी भरून किमान रक्कम फेडत राहणं हा मार्ग मात्र मी कुणालाही सुचवणार नाही.

खंड पडण्याची तयारी सुरुवातीलाच करा. लहान मुलाला वर्षाला 6 ते 8 वेळा सर्दीखोकला होणं डॉक्टर सामान्यच मानतात आणि पाळणाघराच्या पहिल्या वर्षी ते त्याहून जास्तही होतं. प्रत्येक खेपेला दोन-तीन दिवस धरले तर तेवढे दिवस घरी राहणारं माणूस लागतं, किंवा तुमची हजेरी जाते. हजेरीची किमान अट किती आणि मुलाच्या आजारपणाचं डॉक्टरांचं पत्र चालतं का, हे विभागप्रमुखांना पहिल्या आठवड्यातच भेटून विचारा. परीक्षेच्या तोंडावर तेच विचारणं विनवणी ठरतं. एक सत्र थांबावं लागलं तर शिष्यवृत्ती परत करावी लागते का, कर्जाचे हप्ते लगेच सुरू होतात का, तेही लेखी घ्या. भारतात क्रेडिटच्या शैक्षणिक बँकेत, म्हणजे विद्यार्थ्याने मिळवलेले क्रेडिट साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, जमा झालेले क्रेडिट 2021 च्या नियमांप्रमाणे जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात आणि पीएचडी करणाऱ्या स्त्रीला प्रसूती किंवा बालसंगोपनासाठी एकूण 240 दिवसांपर्यंत रजा मिळू शकते. रजा मिळते म्हणजे त्या काळात पाठ्यवृत्तीही मिळतेच असं धरू नका, ते वेगळं विचारा.

पुस्तकं ग्रंथालयातून किंवा वरच्या वर्गातल्यांकडून. लॅपटॉप जुना चालेल, पण बॅटरी चांगली हवी, कारण अभ्यास दवाखान्याच्या बाकावरही होतो.

जोडीदार असेल तर ही वही दोघांनी मिळून भरा आणि प्रत्येक ओळीपुढे कुणाचं काम ते लिहा. ‘मी मदत करेन’ या वाक्यापुढे वार आणि वेळ लिहून घ्या. एकटीने किंवा एकट्याने मूल वाढवत असाल तर अचानक बोलावलं तरी येतील अशा दोन माणसांची नावं लिहा. पाळणाघरात मुलाला घेऊन जायची परवानगी त्या दोघांच्या नावे देऊन ठेवा आणि फी भरायचे पासवर्ड एका विश्वासाच्या माणसाला माहीत असू द्या. मी महिन्याच्या शेवटच्या रविवारी, मुलगी दुपारी झोपली की, पुढच्या दोन महिन्यांची पानं बघायचे. वीस मिनिटं पुरायची.

शेवटच्या पानावर कर्जाच्या पहिल्या हप्त्याची तारीख लिहा, ती दोन-तीन वर्षांनंतरची असली तरी. त्याच महिन्याच्या रकान्यात मुलाच्या शाळाप्रवेशाचा खर्चही येतो का, ते बघा. माझ्या वहीत तो आला होता, एका आठवड्याच्या अंतराने. दोन वर्षं आधी दिसला म्हणून त्याच्यासाठी दरमहा थोडे थोडे वेगळे ठेवता आले.