दुःखाच्या घरी जाताना: आधी आपण धीर घ्यावा, मग द्यावा

कोणाच्या घरी मयत झाली की आपल्या चर्चच्या मंडळीतली माणसं हातातलं काम टाकून धावतात. पण तिथे जाऊन बसायचं कसं, बोलायचं काय, हे सहसा कोणी शिकवत नाही. मी ठाण्यात कोपरीला राहते. भगिनी मंडळाबरोबर आजाऱ्यांना आणि दुःखी घरांना भेटायला जाते, आणि माझे पती गेल्यापासून हे काम माझ्या जिवाचं झालं आहे. या सेवेत नव्याने येणाऱ्या बहिणींसाठी हे लिहिते.

सुरुवात स्वतःपासून करा. बायबलमध्ये प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की देव आपल्या संकटांत आपलं सांत्वन करतो, ते यासाठी की त्याच सांत्वनाने आपण दुसऱ्यांचं सांत्वन करावं (२ करिंथ १:४). म्हणजे जे आपल्याला मिळालं तेच पुढे द्यायचं. पंडिता रमाबाईंकडे बघा. दुष्काळात आईवडील गेले, पुढे भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच पती गेले. त्याच बाईने केडगावला मुक्ती मिशनमध्ये विधवांना आणि दुष्काळातल्या पोरक्या मुलींना घर दिलं.

धीर मिळवायचा कसा, तर बायबलमधली स्तोत्रं मोठ्याने वाचून. मनातल्या मनात नको, आपला आवाज आपल्या कानावर पडला पाहिजे. सकाळी पाणी भरून झालं की मी स्वयंपाकघराचं दार लोटून घेते आणि वाचते. दुःख ताजं असेल तर १३ वं स्तोत्र घ्या. सहाच वचनं आहेत. ‘परमेश्वरा, अजून किती वेळ’ असं दावीद त्यात चारदा विचारतो आणि मग भरवशावर येतो. ८८ वं स्तोत्र तर भरवशावर येतही नाही, अंधारातच संपतं. ते वाचायला आपली माणसं घाबरतात. मला मात्र पती गेल्यानंतरच्या रात्री त्याच स्तोत्राने सोबत केली. इतकी कडू तक्रार देवाने आपल्या शास्त्रात राहू दिली, म्हणजे माझीही तो ऐकून घेईल, एवढं मला त्यातून कळलं. २३ वं आणि १२१ वं नंतर वाचा, ती आपोआप तोंडी येतात. वाचवत नसेल तर रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन गुणगुणा. रविवारी उपासनेला जा, मागच्या बाकावर नुसतं बसलात तरी चालेल. आणि आठवडेच्या आठवडे झोप नाही, जेवण नाही, असं चाललं असेल तर पाळकांना सांगा आणि डॉक्टरकडेही जा. प्रार्थना आणि औषध यांचं वैर नाही.

आता दुसऱ्याच्या घरी जाण्याचं. मला या बाबतीत बायबलमधल्या १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायाइतकं कोणी शिकवलं नाही. एलीया संदेष्टा जीव मुठीत धरून पळालाय, एका झुडपाखाली बसलाय आणि म्हणतोय, पुरे झालं, माझा प्राण घे. अशा माणसाकडे देवदूत येतो. तो त्याला उपदेश करत नाही, विश्वास कुठे गेला म्हणून विचारत नाही. हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. एलीया खातो आणि परत झोपतो. देवदूत त्याला झोपू देतो, दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायला घालतो. देवाचं बोलणं त्यानंतर, होरेब डोंगरावर, आणि तेही मंद वाणीने.

म्हणून मी जाताना डबा नेते. वरण-भात, भाजी, घरात लहान मुलं असतील तर दूध. डबा परत न्यायची घाई करू नका, तो आणायला म्हणून पुन्हा जाता येतं.

गेल्यावर जवळ बसा. बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. ‘देवाची इच्छा होती’, ‘देवाला चांगली माणसंच लागतात’, ‘विश्वासणाऱ्यांनी असं रडू नये’ ही वाक्यं कृपा करून उच्चारू नका. शेवटचं वाक्य मला माझ्याच घरात ऐकवलं गेलं होतं, आणि ते अजून टोचतं. मेलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेपाशी रडला. मग आपण कोणाचे डोळे पुसायला लावणार?

कळव्याला एका घरी गेलो होतो. शाळकरी मुलगा गेलेला. आई त्याच्या गणवेशाच्या शर्टाची बटणं लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती. आम्ही काही बोललो नाही. बऱ्याच वेळाने एक बटण सैल झालेलं तिने मला दाखवलं. मी सुई-दोरा मागितला आणि ते शिवून दिलं. त्यानंतर ती मुलाबद्दल बोलायला लागली, आणि निघताना तिनेच म्हटलं, “मावशी, एक स्तोत्र वाचून जा ना.”

हॉस्पिटलात प्रार्थना करण्याआधी विचारा, आणि नको म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. वॉर्डात आजूबाजूला दुसरे रोगी असतात, आवाज खाली ठेवा. प्रार्थना छोटी हवी: माणसाचं नाव, त्याचा त्रास, आणि देवाने जवळ असावं ही विनंती. ‘तुम्ही नक्की बरे होणार’ असं वचन देऊ नका, ते आपल्या हातात नाही.

खरी गरज पाहुणे गेल्यावर लागते. महिनाभराने फोन करा. मृत्यूचा दाखला काढायचा असतो, बँकेत नॉमिनीचे कागद द्यायचे असतात, पेन्शनचा अर्ज असतो. रांगेत सोबत उभं राहणं हीसुद्धा सेवाच आहे. घरात कोंडून घेतलेल्या माणसाला संध्याकाळी तलावपाळीला, म्हणजे आमच्या ठाण्यातल्या तलावाकाठी, फेरी मारायला न्या. समोरासमोर बसून जे बोलवत नाही ते शेजारी चालताना बोललं जातं.

शेजारपाजारच्या दुसऱ्या धर्माच्या घरीही असंच जा, आणि मदतीला अट लावू नका. घटनेच्या २५ व्या कलमाने आपल्याला धर्म पाळण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क मात्र त्यात येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केलं. मला ते कायद्याच्या आधी प्रीतीच्या दृष्टीने पटतं. आजारी माणूस अगतिक असतो, त्याच्या अगतिकतेचा फायदा घेणं येशूला शोभणारं नाही. कोणी आपणहून विचारलं, ‘ताई, तुम्हाला हे बळ कुठून येतं?’, तर मात्र संकोच करू नका. आपल्यावर काय गुदरलं आणि येशू त्यात कसा जवळ राहिला, ते दोन-चार वाक्यांत सांगा. त्यांना अजून वाचायचं असेल तर मार्कचं शुभवर्तमान द्या. चारांतलं सर्वांत लहान तेच, १६ अध्यायांचं. आठवड्याला एक अध्याय दोघींनी मिळून वाचा, आणि प्रश्न त्यांना विचारू द्या.