इंजिन स्टँड : चार बोल्ट आणि एक मान

गाडीतून काढलेलं इंजिन दुरुस्तीसाठी ज्यावर टांगतात तो स्टँड घ्यायला गेलं की आधी पाय आणि चाकं बघितली जातात. इंजिन मात्र खाली येतं ते बहुधा मान वाकल्यामुळे, नाहीतर ब्लॉकमधले, म्हणजे इंजिनाच्या ओतीव धडातले, आटे उपटून आल्यामुळे. म्हणून आधी मान बघा.

मान म्हणजे उभ्या खांबाच्या डोक्यावर आडवी वेल्ड केलेली जाड नळी. तिच्यात दुसरी नळी फिरते, तिच्या तोंडावर प्लेट आणि प्लेटवर चार सरकते हात. इंजिन गिअरबॉक्सच्या बाजूने या हातांना बसतं आणि बाकी सगळं हवेत लोंबतं. त्यामुळे स्टँडवर छापलेला किलोंचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. तेच वजन प्लेटपासून १५ सेंमीऐवजी ३० सेंमीवर गेलं की मानेवरचा ताण दुप्पट. मारुती ८००चं तीन सिलिंडरचं इंजिन आखूड आणि हलकं, त्याला ४५० किलोचा स्टँड भरपूर झाला. जीपचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन २०० किलोंच्या घरात जातं आणि लांबही असतं, त्याला ९०० किलोवालाच घ्या. छापील क्षमता इंजिनाच्या वजनाच्या निदान तिप्पट, हा हिशेब ठेवला की चुकत नाही.

तीन पायांचा स्टँड स्वस्त मिळतो आणि जागा कमी खातो. पण हेडचे (सिलिंडरवरच्या झाकणाचे) बोल्ट टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळताना जोर आडवा लागतो, आणि नेमका त्याच बाजूला तो कलंडतो. चार पायांचाच घ्या. घडीचा स्टँड असेल तर सांध्यातल्या पिना हलवून बघा, मोकळ्या स्टँडमध्ये खुळखुळ असेल तर वजन चढल्यावर डुलणारच. मान किंचित वर उचललेली दिसली तर तो दोष नव्हे. वजन पडल्यावर ती सपाटीला यावी म्हणून तशी करतात.

वेल्डरकडून करून घ्यायचा तर ७५ मिमीचा चौकोनी पाइप, जाडी ४ मिमी, आणि मान जिथे खांबाला मिळते तिथे दोन्ही बाजूंना तिकोनी गसेट, म्हणजे आधाराची पट्टी. हे गसेट विसरलं तर बाकीचं वेल्डिंग कितीही सुबक असो, फुकट. दोन नळ्यांमध्ये एक मिमीहून जास्त फट नको.

जमिनीचंही बघायला हवं. चिऱ्याच्या अंगणात किंवा शेणाने सारवलेल्या जागेत लहान लोखंडी चाक रुततं, आणि रुतलेलं चाक ओढताना स्टँड उलटतो. शेडमध्ये सिमेंटची सपाट जमीन नसेल तर निदान १८ मिमीचं प्लायवुड अंथरा. इंजिन उचलायचा चेन ब्लॉक (साखळीची कप्पी) कौलारू घराच्या वाशाला टांगू नका, चिऱ्याच्या भिंतीत ठोकलेल्या अँकरलाही नको. चिरा सच्छिद्र, अँकर ओढीने सुटतो. इंजिन क्रेन दिवसभराच्या भाड्याने आणणं परवडतं.

आता चढवणं. गाडीतून काढायच्या आधीच ऑइल आणि कूलंट रिकामं करा आणि क्रँक पुलीचा बोल्ट सैल करून ठेवा. स्टँडवर तो सोडवायला गेलात तर सगळं इंजिन फिरतं. इंजिन क्रेनवर लटकत असतानाच क्लच आणि फ्लायव्हील उतरवा. मग प्लेट स्टँडमधून बाहेर काढून ती आधी इंजिनाला बसवा आणि नंतर प्लेटची नळी मानेत सरकवा. उलट क्रमाने केलं तर लोंबत्या इंजिनाची चार भोकं हातांशी जुळवण्यात अर्धा तास जातो आणि बोटं सापडतात.

बोल्ट म्हणजे या कामातली खरी मेख. भंगारातून हाताला लागला तो बोल्ट चालत नाही. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ हा ताकदीचा आकडा कोरलेला हवा, आणि आटे थ्रेड गेजने मोजून घ्या: एम१० (१० मिमी जाडीच्या बोल्ट) मध्ये १.२५ चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, वेगळा, १.५ चा वेगळा. दोन-तीन फेरे बोटांनी गेला म्हणून पाना लावू नका. बिडाच्या ब्लॉकमध्ये निदान बोल्टच्या जाडीइतके आटे आत गेले पाहिजेत, म्हणजे एम१०ला १० मिमी. १.३ लिटरच्या जिप्सीसारख्या ॲल्युमिनियम ब्लॉकला १५ ते २० मिमी. लांबी ठरवताना हाताची नळी, स्पेसर आणि वॉशर यांची जाडी धरा. बोल्ट फार लांब झाला तर भोकाच्या तळाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो, पण हात ढिलाच राहतो. काही ब्लॉकमध्ये एखादं भोक विनाआट्याचं आरपार असतं. तिथे मागून नट आणि जाड वॉशर.

चारही भोकं शक्य तितकी एकमेकांपासून लांबची निवडा, दोन वर, दोन खाली. स्टार्टरजवळचा बारीक कान टाळा. प्लेटचा मध्य क्रँकच्या रेषेवर नव्हे, थोडा वर येऊ द्या, कारण हेडसकट इंजिनाचा भार वर असतो. बरोबर जमलं की मानेतली फिरणं अडवणारी पिन काढल्यावर इंजिन एका हाताने फिरतं. चुकलं तर गर्रकन उलटून हँडल मनगटावर बसतं. हेड उतरवल्यावर हा तोल बदलतो, तेव्हा पिन काढायच्या आधी हँडल घट्ट धरायचं. चारही बोल्ट कर्णात थोडे थोडे आवळा, क्रेनची साखळी हळूहळू ढिली करा आणि ती काढायच्या आधी दहा मिनिटं मानेकडे नजर ठेवा.

जुनं इंजिन स्टँडवर आल्याबरोबर पालथं घालायचा मोह आवरा. सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्राच्या) तळाशी साचलेला गाळ सिलिंडरमध्ये उतरतो आणि भिंतींवर ओरखडे पाडतो. इंजिन ९० अंश कुशीवर घ्या, खाली ट्रे ठेवा, सम्प आडवाच काढा, गाळ पुसा, मग पालथं करा.

पावसाळ्यात वेगळाच ताप. जून ते सप्टेंबर, त्यातून समुद्राजवळ, होन केलेलं (आतून घासून घेतलेलं) बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, एका रात्रीत गंजून तांबूस होतं. मशिन शॉपमधून ब्लॉक आला की कोमट साबणाच्या पाण्याने धुवा, कोरडा करा आणि त्याच क्षणी बोअरला ऑइल चोळा. रात्री इंजिनाला जाड प्लास्टिकची पिशवी, तोंड खालून बांधून. चवथीच्या तोंडावर शॉपकडे काम टाकायचं असेल तर ब्लॉक आठवडाभर तरी अडकणार असं धरून चाला, आणि रिकामा स्टँड वाटेत ठेवू नका.

शेवटी जोडणी. पिस्टन, हेड, टायमिंग हे सगळं स्टँडवर होतं. मागचं ऑइल सील मात्र बहुतेक इंजिनांत प्लेटमुळे हाताला लागत नाही. इंजिन परत क्रेनवर घ्या, प्लेट सोडा, सील बसवा, मग फ्लायव्हील टॉर्कवर आवळा आणि क्लच प्लेट सेंटर करा. हे सगळं लटकत्या इंजिनावर होणार, म्हणून इंजिन जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा आणि खाली लाकडी ठोकळे सरकवून ठेवा.