एड मॅकबेनच्या सुरुवातीच्या पोलीस कादंबऱ्या वाचायच्यात? मग अशा वाचा

अमेरिकन रहस्यकथाकार एड मॅकबेन वाचायचाय पण एवढ्या पुस्तकांतून सुरुवात कुठून करू, असं बरेच जण विचारतात. ८७व्या प्रिसिंक्टची, म्हणजे आपल्या भाषेत ८७ नंबरच्या पोलीस ठाण्याची, ही मालिका १९५६ ते २००५ अशी चालली आणि पन्नासच्या वर पुस्तकं आहेत, त्यामुळे जे हाताला लागेल ते लोक उचलतात. मीही तेच केलं होतं. मधलंच एक उचललं, आणि त्यात सगळी माणसं एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखत होती आणि मी कोणालाच ओळखत नव्हते, कॅरेला नावाच्या डिटेक्टिव्हची बायको हातांनी का बोलते, त्याचा सहकारी क्लिंग एवढा गप्प गप्प का, काही कळेना, निम्म्यात ठेवून दिलं. काही वर्षांनी पहिल्यापासून सुरू केलं आणि पहिली दहा पुस्तकं ओळीने संपवली. म्हणून सांगते, सुरुवात पहिल्यापासूनच करा, आणि निदान पहिली तीन तरी एकच मोठी कादंबरी समजून सलग वाचा.

आधी नावाचा घोळ समजून घ्या, कारण पुस्तकं शोधताना तो आडवा येतो. हा माणूस जन्माने साल्वातोरे लोम्बिनो, १९२६ सालचा, न्यूयॉर्कचा, इटालियन घरातला. १९५२ ला त्याने कायदेशीररीत्या नाव बदलून इव्हान हंटर केलं. त्या नावाने १९५४ ला 'द ब्लॅकबोर्ड जंगल' ही कादंबरी आली आणि तो एकदम मोठा लेखक झाला. तेवढ्यात एका पेपरबॅक प्रकाशनाला नवा रहस्यकथाकार हवा होता, कारण त्यांचा हुकमी लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर म्हातारा होत चालला होता. तीन पुस्तकांचा करार झाला, पण हंटर नावाने गुन्हेगारी कादंबऱ्या लिहिल्या तर गंभीर लेखक म्हणून कोणी विचारणार नाही असं त्याला सांगण्यात आलं, आणि एड मॅकबेन जन्माला आला. त्या काळात तो रिचर्ड मार्स्टन, हंट कॉलिन्स अशा नावांनीही लिहायचा आणि त्यातली काही पुस्तकं पुढे मॅकबेनचं नाव लावून पुन्हा छापली गेली. म्हणजे कव्हरवर एड मॅकबेन दिसलं म्हणून ते ८७वालंच असेल असं नाही. पुस्तक उघडून हा प्रिसिंक्ट आत आहे का ते बघा आणि मगच घ्या.

आता पहिली तीन. 'कॉप हेटर', 'द मगर' (मगर म्हणजे रस्त्यात अडवून लुटणारा), 'द पुशर' (पुशर म्हणजे अमली पदार्थ विकणारा), तिन्ही १९५६ ची. 'कॉप हेटर' जुलैच्या भयंकर उकाड्यात घडते. पहिलं प्रकरण घाईत वाचू नका. आधी नदीपलीकडून दिसणारं झगमगतं शहर, आणि लगेच त्याच शहराच्या रस्त्यावरचा कचरा. मग रात्री अकराला गजर होतो, माईक रीअर्डन नावाचा माणूस उठतो, बायकोशी चार शब्द बोलतो, ड्युटीला निघतो. तो पोलीस आहे, एवढं आपल्याला कळेकळेपर्यंत रस्त्यावर त्याचा खून झालेला असतो. पाचेक पानांत त्याचं घर दाखवलं, झोपलेली मुलं दाखवली आणि माणूस गेला, आणि पुढे पूर्ण पुस्तकभर तो फक्त केस म्हणून न राहता माणूस म्हणून आठवत राहतो. मला वाटतं मॅकबेनची सगळी ताकद या पाच पानांत आहे.

'द मगर' मध्ये गंमत बघा, पहिल्या पुस्तकात ज्याला आपण हीरो समजलो तो स्टीव्ह कॅरेला इथे हनिमूनला गेलाय! सगळं पुस्तक बर्ट क्लिंगच्या खांद्यावर, आणि क्लिंग तर साधा गणवेशातला शिपाई, पहिल्या पुस्तकात गोळी लागून जखमी झालेला. दुसऱ्या बाजूला एक चोर बायकांना मारहाण करून पर्स हिसकावतो आणि वर वाकून नमस्कार करत क्लिफर्ड आपला आभारी आहे असं म्हणतो. ओळीने वाचलं नाही तर कॅरेला कुठे गेला हेच कळत नाही आणि पुस्तक अर्धवट वाटतं.

'द पुशर' थंडीतली, ख्रिसमसच्या तोंडावरची. तळघरात एका पोराचं प्रेत सापडतं, गळ्याला दोर, जवळ सिरिंज, आणि तपास सरकत सरकत स्क्वाडचा, म्हणजे ठाण्यातल्या डिटेक्टिव्हांच्या तुकडीचा, प्रमुख लेफ्टनंट बर्न्स याच्या स्वतःच्या घरापर्यंत येतो. हे वाचायच्या आधी एक गोष्ट माहीत असू द्या. मॅकबेनने या पुस्तकात कॅरेलाला मारायचं ठरवलं होतं. त्याच्या डोक्यात कॅरेला हीरो नव्हताच, हीरो होता अख्खा स्क्वाड, एक माणूस जाईल दुसरा येईल, खऱ्या ठाण्यात होतं तसं. प्रकाशनाकडून सांगणं आलं की हीरोला असं मारता येत नाही, मग शेवट बदलला. हे डोक्यात ठेवून शेवटची पानं वाचा, लेखक कुठे वळलाय ते जाणवतं, आणि कॅरेला वाचला याचा आनंद होतो तो वेगळाच.

वाचताना एक कागद जवळ ठेवा, खरंच ठेवा. त्यावर शहराचा नकाशा काढायचा. शहराला नाव नाही, पण ते न्यूयॉर्कच आहे, आडवं फिरवलेलं. मॅनहॅटनचा नकाशा घ्या आणि कुशीवर झोपवा, झाला आयसोला. ब्रॉन्क्सचा रिव्हरहेड, ब्रुकलिनचा काम्स पॉइंट, क्वीन्सचा माजेस्टा, स्टेटन आयलंडचा बेथटाउन. दोन बाजूंना हार्ब आणि डिक्स या नद्या, ठाण्यासमोर ग्रोव्हर पार्क. खोटं शहर का काढलं, तर खऱ्या न्यूयॉर्कच्या पोलिसांना बारीकसारीक गोष्टींसाठी तो सारखे फोन करायचा आणि ते कंटाळले होते. स्वतःचं शहर केलं की नियम एकदा ठरले की ठरले. नकाशाखाली माणसांची नावं लिहीत जा, टकला आणि अतिशय सहनशील मेयर मेयर, हात उचलायला कायम तयार असलेला हॅविलंड, लॅबमधला सॅम ग्रॉसमन, क्लार्कच्या खोलीत भिकार कॉफी करणारा मिस्कोलो. दोन पुस्तकं झाली की कागद लागत नाही.

दुसरं म्हणजे मधे मधे छापलेले फॉर्म आणि रिपोर्ट ओलांडून पुढे जाऊ नका. गोळीचा रिपोर्ट, गुन्हेगाराचं रेकॉर्ड कार्ड, सगळं अगदी टाइप केलेल्या कागदासारखं पानावर येतं, १९५६ च्या वाचकाला हे नवीन होतं. पोलिसी कामकाजावरच्या कादंबऱ्या आधीही होत्या, लॉरेन्स ट्रीटची १९४५ ची या प्रकारातली पहिली मानतात, पण कंटाळवाण्या कागदपत्रांतून ताण तयार करणं मॅकबेनने जमवलं. आपण डिटेक्टिव्हच्या बरोबरीने तो कागद वाचतो, आणि काही वेळा त्याच्याआधी आपल्या लक्षात येतं.

मग लाइनअप. सोमवार ते गुरुवार सकाळी शहरभरातून डिटेक्टिव्ह मुख्यालयात जमतात, आदल्या दिवशी गंभीर गुन्ह्यात पकडलेल्यांना दिव्यांच्या झोतात स्टेजवर उभं करतात, मागे भिंतीवर उंचीच्या रेघा, आणि माइकवरून प्रश्न. पुढच्या वेळी हाच चेहरा रस्त्यावर दिसला तर ओळखता यावा म्हणून हा खटाटोप. असे प्रसंग आणि ठाण्यातल्या चौकशा वाचताना साल विसरू नका. अमेरिकेत आरोपीला त्याचे हक्क आधी वाचून दाखवायचे हा मिरांडा निकाल १९६६ चा, म्हणजे या पुस्तकांनंतर दहा वर्षांनी आला. त्यामुळे वकील कुठाय, हे असं कसं विचारतायत, असं वाटलं तर लेखकाची चूक समजू नका, तो काळच तसा होता. बायकांची वर्णनं आणि पोर्टोरिकन वस्तीबद्दलची काही वाक्यं मात्र आज खटकतात, मला खटकली, पण त्याच पानावर त्या वस्तीतल्या आईचं दुःखही तो मनापासून लिहितो, दोन्ही वाचा.

हवामानाची वर्णनं लांबतात, काही जण ती सोडतात. सोडू नका. 'कॉप हेटर' मधून उकाडा काढा, ठाण्यातली चिडचिड, उघड्या खिडक्या, रात्री जागी असलेली माणसं, सगळंच जातं.

तीन झाली की पुढे क्रम असा, 'द कॉन मॅन' आणि 'किलर्स चॉइस' १९५७, 'किलर्स पेऑफ' आणि 'लेडी किलर' १९५८, मग १९५९ ची तीन, 'किलर्स वेज', 'टिल डेथ', 'किंग्ज रॅन्सम'. 'द कॉन मॅन' मध्ये कॅरेलाची बायको टेडी, जी ऐकू-बोलू शकत नाही, तिच्याकडे नीट लक्ष द्या, तिला मॅकबेन कधीही बिचारी करत नाही. 'किलर्स चॉइस' मध्ये लाल केसांत पांढरी बट असलेला कॉटन हॉज येतो, सुरुवातीला तो डोक्यात जातो, थोडा वेळ द्या त्याला. 'किलर्स पेऑफ' मला त्यामानाने फिकी वाटली, पण सोडू नका, हॉज तिथेच रुळतो. 'किलर्स वेज' मात्र एका बैठकीत संपवायची सोय करून बसा, एक बाई पिस्तूल आणि नायट्रोग्लिसरीनची बाटली घेऊन स्क्वाडरूममध्ये येते आणि कॅरेलाची वाट बघत सगळ्यांना धरून ठेवते, आणि कॅरेला दुसरीकडे बंद खोलीतल्या मृत्यूचा तपास करतोय, त्याला काही पत्ताच नाही. पुस्तकं छोटी आहेत, संवाद भरपूर, इंग्रजी वाचायची फार सवय नसली तरी जमतं.

'किंग्ज रॅन्सम' आणि जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'हाय अँड लो' (१९६३) ही जोडी शेवटाला ठेवा, चित्रपट याच पुस्तकावरून केलाय. बुटांच्या कंपनीतला मोठा अधिकारी, त्याच्या मुलाऐवजी चुकून ड्रायव्हरचा मुलगा पळवला जातो आणि खंडणी मागतात याच्याकडे. आधी पुस्तक, मग चित्रपट. उलट केलंत तर कुरोसावा इतका भारी आहे की पुस्तकातला डग्लस किंग त्याच्यापुढे छोटा वाटेल, आणि किंग आणि त्याच्या बायकोमधलं दिवाणखान्यातलं भांडण, पैसे दे म्हणणारी ती आणि जन्मभराची कमाई जाईल म्हणणारा तो, आधी कागदावरच वाचायला हवं. ते झालं की १९६० ची 'द हेकलर' हातात घ्या, तिथे डेफ मॅन हा खलनायक पहिल्यांदा येतो.